शब्द ढकलण्याचा खेळ

साहित्यविषयक पत्रिकेत संगणकावरील खेळाची चर्चा पाहून काही वाचकांच्या भुवया उंचावतील. परंतु ‘बाबा इज यू’ या खेळाची सामग्री भाषा हीच आहे. तेव्हा त्याचे परीक्षण व्याकरणाच्या अंगानेही व्हावयास हवे.

फिनलंडच्या आर्वी तैकारी यांनी २०१७ मध्ये नॉर्डिक गेम जॅम या अल्पमुदतीच्या स्पर्धेसाठी त्याचा पहिला आराखडा रचला आणि ती स्पर्धा जिंकली. दोनशेहून अधिक कोड्यांचा पूर्ण खेळ मार्च २०१९ मध्ये आला. चित्रे लहान मुलाने खडूने काढावीत तशी थरथरती. एक पांढरा, कानवाला प्राणी म्हणजे बाबा. (आपल्या घरांतील बाबांशी त्याचा संबंध नाही, पण मुले हसतात खरी.) पटावर भिंती, खडक, निशाणे असतात, आणि खेळाचे नियमही तेथेच शब्दांच्या ठोकळ्यांनी मांडलेले असतात. मूळ इंग्रजी शब्दांचे मराठी करावयाचे तर ‘बाबा म्हणजे तू’, ‘भिंत म्हणजे अडसर’, ‘निशाण म्हणजे विजय’. खेळणाऱ्याने हे ठोकळे ढकलायचे. ‘अडसर’ बाजूला सरकवला की भिंतीतून चालत जाता येते. ‘बाबा म्हणजे तू’ हेच वाक्य मोडले, तर पटावर ‘तू’ म्हणून कोणीच उरत नाही आणि सारे स्तब्ध होते. हा क्षण विनोदी आहे, आणि अस्वस्थ करणाराही.

चाहत्यांनी खेळ उचलून धरला तो अशा चकव्यांसाठी. २०२१ मध्ये कोडी रचण्याचे साधन मिळाल्यावर ते स्वतःच एकमेकांना कोडी घालू लागले. उत्तरार्धातील कोडी मात्र आम्हांस रुक्ष वाटली. तेथे गंमत आटते आणि हिशेब उरतो.

आमचा खरा आक्षेप निराळा आहे. या खेळात ‘खडक म्हणजे निशाण’ असे जुळताच पटावरील सगळे खडक निशाणे होतात. शब्द बदलला की वस्तू बदलते, ही श्रद्धा सीमाभागातील माणसाला पटणे कठीण. १ नोव्हेंबर २०१४ रोजी सरकारदरबारी बेळगावचे ‘बेळगावी’ झाले. आमच्या माजघरात ते बेळगावच आहे. उलट, खेळातील दुसरी गोष्ट आम्हांस लगेच ओळखीची वाटली. कोपऱ्यात भिंतीला टेकवून ठेवलेले वाक्य मोडता येत नाही, कारण त्याच्यामागे जाऊन ते ढकलायला जागाच नसते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर वाढलेल्या पिढ्यांना असली वाक्ये शिकवावी लागत नाहीत.

आणखी एक. हा खेळ इंग्रजीच्या स्वभावावर उभा आहे. तेथे शब्दाची जागा अर्थ ठरवते. वाक्य डावीकडून उजवीकडे किंवा वरून खालीच वाचले जाते. मराठीत ‘मांजराने उंदराला पकडले’ आणि ‘उंदराला मांजराने पकडले’ यांत उंदराचे नशीब एकच. प्रत्ययांची अदलाबदल केली, तरच तो सुटतो. म्हणजे मराठीतील असा खेळ केवळ अनुवादाने होणार नाही. त्यात शब्दांऐवजी ‘ने’ आणि ‘ला’ ढकलावे लागतील. कन्नडचीही प्रकृती अशीच आहे, प्रत्यय नामाच्या शेवटी, क्रियापद वाक्याच्या शेवटी. सांगली जिल्ह्यातील कुपवाडच्या बोलींचा गम्पर्झ आणि विल्सन यांनी केलेला अभ्यास १९७१ मध्ये प्रसिद्ध झाला. तेथील मराठी, कन्नड व उर्दू यांची वाक्यरचना शतकांच्या शेजाराने इतकी एकरूप झालेली त्यांना आढळली की, एका बोलीतील वाक्य शब्दास शब्द ठेवून दुसरीत नेता यावे. तैकारींना न सुचलेला पट तो हाच, आणि तो रचण्यास बेळगाव-निपाणीच्या मुलांइतके लायक कोणी आम्हांस दिसत नाही. निम्मे ठोकळे मराठी, निम्मे कन्नड. आणि दोन्हींना चालणारे प्रत्यय कोणते, हे त्यांच्या आज्यांना विचारावे.