मुक्त खेळ आणि शिक्षिकेचा हात : पायाभूत स्तराच्या आराखड्यातील त्रिविध खेळाची चिकित्सा

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ला अनुसरून तीन ते आठ वयोगटासाठीचा पायाभूत स्तराचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा ऑक्टोबर २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. खेळातून शिक्षण हे त्याचे मुख्य सूत्र आहे. खेळाचे तीन प्रकार त्यात मानले आहेत. मुक्त खेळात पुढाकार मुलाचा असतो. मार्गदर्शित खेळात पुढाकार मुलाचा व साहाय्य शिक्षिकेचे असते. संरचित खेळात शिक्षिका पुढाकार घेते व मूल सक्रिय सहभागी होते. बालवाडी शिक्षिकांचे वर्ग चालविणाऱ्या प्राध्यापकांना ही विभागणी सोयीची वाटणे स्वाभाविक आहे. तिची व्याख्या सांगता येते, तक्ता करता येतो आणि परीक्षेत प्रश्नही विचारता येतो.

या विभागणीचे श्रेय आधी नोंदविले पाहिजे. बालकेंद्री की शिक्षककेंद्री या जुन्या वादात तिने कोणत्याही एका टोकाला मान्यता दिलेली नाही. प्रश्न पुढचा आहे. दिवसातील काही वेळ मुलाला आणि काही वेळ शिक्षिकेला वाटून दिला म्हणजे समतोल साधतो काय? आपल्याकडील बालशिक्षणाचा अनुभव याला होकार देत नाही.

परंपरेची साक्ष

मुलाच्या स्वातंत्र्याचा विचार निघाला की मारिया माँटेसरींचे नाव प्रथम येते. १९०७ मध्ये रोममध्ये त्यांनी पहिले बालगृह सुरू केले. तेथे मूल आपले काम स्वतः निवडते आणि हवा तितका वेळ करते. मात्र कोणती साधने ठेवायची, कोणत्या क्रमाने ठेवायची आणि ती प्रथम कशी दाखवायची, हे सर्व आधीच ठरलेले असते. शिक्षिका बोलते थोडे, पण तिचा पुढाकार खोलीच्या मांडणीत उतरलेला असतो. या पद्धतीला निव्वळ बालप्रेरित म्हणणे म्हणूनच अपुरे ठरते.

गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये भावनगरला दक्षिणामूर्ती बालमंदिर सुरू केले. १९२३ मध्ये ताराबाई मोडक तेथे दाखल झाल्या आणि १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना झाली. या मंडळींनी माँटेसरी पद्धत स्वीकारली, पण जशीच्या तशी नव्हे. लहान मुलांना कल्पित कथा सांगण्याबाबत माँटेसरी साशंक होत्या. गिजुभाईंनी मात्र गोष्टीला बालमंदिरात मानाचे स्थान दिले. गोष्ट सांगताना शिक्षक बोलतो व मुले ऐकतात. वरवर पाहता हे पूर्णपणे शिक्षकप्रणीत काम आहे. पण तीच गोष्ट मुले पुन्हा मागतात, तिच्यातील ओळी आधीच म्हणून टाकतात, दुसऱ्या दिवशी तिचे नाटक करतात. आराखड्याच्या तीन खान्यांपैकी ती कोणत्या खान्यात बसवायची? सुरुवात कोणी केली एवढ्यावरून हे ठरवता येत नाही.

ताराबाईंनी १९४५ मध्ये बोर्डी येथे काम आरंभिले. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. वस्तीतील मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेण्यात आली. अंगणवाडी हा शब्द या प्रयोगातून रूढ झाला. महागड्या साधनांऐवजी शिंपले, बिया, पाने, खडे वापरात आले. १९५७ मध्ये हे काम डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथे गुरे राखणाऱ्या वारली मुलांसाठी शाळा कुरणात भरविण्यात आली, तीच कुरणशाळा. शाळेची जागा व वेळ मुलाच्या जीवनाने ठरविली. अंघोळ, स्वच्छता, गाणी, गोष्टी यांत पुढाकार शिक्षिकेने घेतला. पुढाकाराची ही वाटणी घड्याळाप्रमाणे झालेली नव्हती. ज्या बाबतीत मुलाला जास्त कळते तेथे मूल पुढे आणि ज्यासाठी मोठ्यांची गरज आहे तेथे शिक्षिका पुढे, असे तिचे स्वरूप होते.

एका खेळात तीन प्रकार

चार वर्षांची एक मुलगी चिंचोके व खडे घेऊन बसली आहे, असे समजू. तिने एक चिंचोका, एक खडा, पुन्हा एक चिंचोका अशी रांग मांडली. हा मुक्त खेळ झाला. बाईंनी काही वेळ पाहिले आणि शेजारी बसून "आता पुढं काय येईल गं?" एवढेच विचारले. मुलगी थांबली, विचार करून तिने खडा ठेवला. हा मार्गदर्शित खेळ झाला. मग बाईंनी दोन चिंचोके व एक खडा अशी नवी रांग मांडून ती पुढे न्यायला सांगितली. आता पुढाकार बाईंचा झाला. थोड्या वेळाने मुलीने आपल्या मनाने तिसरीच रांग रचली. पाच मिनिटांत पुढाकार तीनदा हस्तांतरित झाला. बाईंनी प्रश्न आधीच विचारला असता तर मुलीचा शोध हिरावला गेला असता. मुळीच विचारला नसता तर खेळ कदाचित तेथेच थांबला असता.

इंग्लंडमध्ये १९९७ पासून सुमारे ३,००० बालकांवर झालेल्या दीर्घकालीन संशोधनाचा व त्याला जोडून झालेल्या अभ्यासाचा निष्कर्षही याच दिशेचा आहे. उत्कृष्ट ठरलेल्या केंद्रांत मुलांनी सुरू केलेल्या व मोठ्यांनी सुरू केलेल्या कृतींचे प्रमाण साधारण सारखे आढळले. त्याहून महत्त्वाची बाब अशी की, मुलांनी सुरू केलेल्या ज्या कृतींत विचाराला आव्हान होते, त्यांतील जवळजवळ निम्म्या कृती शिक्षिकेने मध्ये येऊन पुढे नेल्या होत्या.

आराखड्यातील उणीव

असा योग्य क्षण ओळखायचा तर पाहण्याची सवय लागते. आराखड्यात निरीक्षणाला स्थान आहे, पण मुख्यतः मूल्यमापनाचे साधन म्हणून. वास्तविक ते अध्यापनाचेच पहिले पाऊल होय. ही सवय नसेल तर मुक्त खेळ म्हणजे बाईंची नोंदवह्या भरण्याची वेळ आणि संरचित खेळ म्हणजे एका सुरात मुळाक्षरे घोकणे, असा अर्थ प्रत्यक्षात रूढ होण्याचा धोका आहे. तीन ते सहा वर्षांची मुले एकाच खोलीत असलेल्या अंगणवाडीत तो अधिकच संभवतो. पाटीवर अक्षर दिसले नाही की शिकवले नाही असे मानणाऱ्या पालकांचा आग्रहही त्यात भर घालतो.

दुसरी बाब भाषेची. वारली बोलणारे मूल आणि प्रमाण मराठी बोलणारी शिक्षिका ही कोसबाडची अडचण होती. बेळगाव, हैदराबाद किंवा वडोदरा येथील बालवाडीत ती वेगळ्या रूपात भेटते. घरी दखनी, उर्दू, कन्नड किंवा गुजराती बोलणारे मूल मराठी वर्गात गप्प बसले, तर त्याला पुढाकार नाही असा निष्कर्ष निघतो. पुष्कळदा त्याच्यापाशी कल्पना असते, वर्गाच्या भाषेतील शब्द नसतो. आराखडा घरच्या भाषेचा आग्रह धरतो, ते योग्यच आहे. पण जेथे एका वर्गात तीन घरभाषा आहेत, तेथे शिक्षिकेने मुलाच्या भाषेतील निदान काही शब्द आधी शिकले पाहिजेत. या एका बाबतीत मूल गुरू व शिक्षिका विद्यार्थिनी असते.

कोसबाडच्या अनुभवालाही मर्यादा आहे. तेथील यशामागे सारे आयुष्य वेचणाऱ्या व्यक्ती होत्या. अल्प मानधनावर राबणाऱ्या सेविकेकडून त्याच निष्ठेची अपेक्षा करून व्यवस्थेला मोकळे होता येणार नाही. निष्ठा अभ्यासक्रमातून देता येत नाही, कौशल्य मात्र देता येते.

म्हणून बदलाचा आरंभ प्रशिक्षणवर्गातून व्हावा. आज पाठाच्या टाचणाला गुण असतात, मुक्त खेळाच्या वेळी शिक्षिकेने काय पाहिले याला क्वचितच असतात. प्रत्येक प्रशिक्षणार्थिनीने एका मुलाचा खेळ रोज दहा मिनिटे पाहावा, आपण कोठे बोललो, कोठे गप्प राहिलो आणि का, हे लिहावे आणि त्या वहीला टाचणाइतकेच गुण मिळावेत. त्रिविध खेळाचा तक्ता पाठ असलेली शिक्षिका तयार करणे सोपे आहे. चिंचोक्यांच्या रांगेपाशी केव्हा बसावे आणि केव्हा उठून जावे हे कळणारी शिक्षिका अशा वहीतूनच घडेल.