काचेचे दार आणि 'एकतर्फी' पारदर्शकता : एक परीक्षण

पुण्यात कर्वेनगरला राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीने गेल्या वर्षी घराचे जुने लाकडी दार काढून तेथे काचेचे दार बसवले. घर तळमजल्यावर, पुढची खोली उत्तरेकडची. लाकडी दार लावले की भर दुपारी दिवा लावावा लागे. ताई निवृत्त शिक्षिका आहे. संध्याकाळी सात ते नऊ याच खोलीत ती नववी-दहावीच्या मुलींना गणित शिकवते. काचेच्या दाराने दिवसाची अडचण मिटली, पण रात्रीची नवीच उभी राहिली. रस्त्यावरून जाणाऱ्या कोणालाही शिकवणीला कोण बसले आहे आणि शिकवणी सुटल्यावर घरात ताई एकटीच आहे, हे सहज दिसू लागले.

तिने काचकाम करणाऱ्या एका दुकानात चौकशी केली. तेथे तिला चकचकीत रुपेरी फिल्म दाखवण्यात आली. 'बाहेरून आरसा, आतून काच' असे तिचे वर्णन. सकाळी अकरा वाजता कारागिराने ती काचेवर चिकटवली आणि ताईला फाटकापाशी उभे करून विचारले, "बघा मॅडम, आतलं काही दिसतंय का?" खरोखरच दिसत नव्हते. पैसे दिले गेले. त्याच रात्री इस्त्रीचे कपडे घेऊन आलेला मुलगा म्हणाला, "काकू, बाहेरून सगळं दिसतंय. फळ्यावरचं गणितसुद्धा!" बेल वाजली तेव्हा दाराबाहेर कोण उभे आहे हे ताईला मात्र कळले नव्हते. काचेत तिला तिचाच चेहरा दिसला.

या प्रसंगात परीक्षण करण्याजोग्या दोन गोष्टी आहेत. एक, दुकानदाराचा दावा. दुसरी, तो दावा सकाळच्या उजेडात पटावा अशी आपली शाळेतली पारदर्शकतेची व्याख्या.

आधी व्याख्या पाहू. आपण वर्गात सांगतो की, ज्या पदार्थातून प्रकाश आरपार जातो व ज्यातून पलीकडची वस्तू स्पष्ट दिसते तो पारदर्शक, उदाहरणार्थ काच. मुले तक्त्यात काच, स्वच्छ पाणी, हवा एका रकान्यात लिहितात. तेलकट कागद दुसऱ्या आणि लाकूड तिसऱ्या रकान्यात. सहावीच्या मुलांसाठी ही सुरुवात वाईट नाही. पण या व्याख्येत दोन वेगवेगळी विधाने जोडून टाकली आहेत. 'प्रकाश आरपार जातो' हा पदार्थाचा गुण झाला. 'पलीकडची वस्तू दिसते' हे मात्र एकट्या पदार्थावर ठरत नाही. पलीकडे उजेड किती, अलीकडे किती आणि पाहणारा कोठे उभा आहे, यावर ते ठरते. पहिले विधान खरे म्हणजे दुसरेही खरेच, असे मुले धरून चालतात, आणि मोठेपणी फिल्म विकत घेताना तेच गृहीत धरतात.

काचेचा हिशेब सोपा आहे. साध्या स्वच्छ काचेवर सरळ पडलेल्या प्रकाशाचे १०० भाग मानले, तर प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४, म्हणजे दोन्ही मिळून सुमारे ८ भाग परत फिरतात. थोडा प्रकाश काच शोषून घेते. आरपार जातात सुमारे ९० भाग. म्हणजे प्रत्येक काच थोडासा आरसाही असते. एरवी तो आरसा आपल्या लक्षात येत नाही, एवढेच.

आता ताईच्या दाराकडे येऊ. हिशेबासाठी ढोबळ आकडे घेऊ. दिवसा दाराबाहेरच्या सावलीत ५००० लक्स उजेड आणि खोलीत १५० लक्स आहे असे समजा. दोन्हीकडच्या वस्तू पडलेल्या उजेडाचा सारखाच हिस्सा परत पाठवतात असेही मानू. बाहेर उभ्या असलेल्या माणसाच्या डोळ्यांकडे दोन प्रकारचा प्रकाश येतो. बाहेरच्याच दृश्याचा काचेवरून परतलेला: ५००० चे ८ टक्के, म्हणजे ४००. आणि खोलीतून आलेला: १५० चे ९० टक्के, म्हणजे १३५. अंगणाच्या प्रतिबिंबात खोली बरीचशी बुडून जाते. म्हणून साध्या काचेतूनही दिवसा बाहेरच्याला आतले फिके दिसते.

रात्री रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड दाराशी १० लक्स धरू. खोलीत १५० तसेच. बाहेरच्याला आता प्रतिबिंबाचे ०.८ आणि खोलीतले १३५ मिळतात. प्रमाण जवळजवळ १ ला १७० झाले. आत बसलेल्या ताईच्या बाजूने मांडा: तिच्या खोलीचे प्रतिबिंब १५० चे ८ टक्के म्हणजे १२, बाहेरून येणारे १० चे ९० टक्के म्हणजे ९. बाहेरच्या दृश्यापेक्षा खोलीचे प्रतिबिंबच वरचढ! काच तीच, तिची पारदर्शकता तीच. बदलला तो केवळ उजेड.

आता फिल्म. तिच्यावर धातूचा अतिशय पातळ थर असतो. नमुन्यादाखल असे धरू की ती ६० भाग प्रकाश परतवते, २० शोषते आणि २० आरपार सोडते. दिवसा बाहेरच्याला प्रतिबिंबाचे ३००० आणि खोलीतले फक्त ३० मिळतात. कारागिराने दाखवले ते खोटे नव्हते. रात्री मात्र बाहेरच्याला प्रतिबिंबाचे ६ आणि खोलीतले ३० मिळतात. खोली पाचपट वरचढ ठरते. पूर्वीपेक्षा अंधूक, पण दिसते. आतल्या ताईला स्वतःच्या खोलीचे ९० आणि बाहेरचे अवघे २. म्हणजे तिला काहीच दिसत नाही. साध्या काचेतून निदान माणसाची आकृती तरी कळत होती. फिल्मने तीही गेली. सुरक्षिततेसाठी केलेल्या खर्चाचा परिणाम उलटा झाला.

'एकतर्फी' या शब्दावरच म्हणून आक्षेप घ्यायला हवा. अशा फिल्ममधून बाहेरून आत जेवढा हिस्सा प्रकाश जातो, तेवढाच आतून बाहेर येतो. दिशा ओळखणारे काहीही तिच्यात नसते. एकतर्फी असतो तो उजेडातला फरक. विक्रेत्याने 'जिकडे जास्त उजेड तिकडून आरसा' असे म्हटले असते, तर वर्णन अचूक झाले असते आणि रात्री काय होईल हे गिऱ्हाइकाला आपोआप कळले असते.

हे तत्त्व नवीन नाही. लंडनमध्ये १८६२ साली जॉन हेन्री पेपर यांनी रंगमंचावर तिरप्या उभ्या केलेल्या मोठ्या काचेतून भूत दाखवले होते. प्रेक्षकांना न दिसणाऱ्या जागी उभ्या असलेल्या नटावर प्रखर प्रकाश टाकला की काचेत त्याचे प्रतिबिंब दिसे. प्रकाश बंद केला की भूत नाहीसे होई. काच सतत तेथेच असे. आपल्याकडच्या चिकाच्या पडद्याचेही असेच. दिवसा पडद्याआडून रस्ता दिसतो, रस्त्यावरून आतले दिसत नाही. दिवेलागणीनंतर चिकाच्या आड दिवा ठेवला की आतली माणसे बाहेरून ओळखू येतात. जुन्या घरात रात्री जाड लाकडी दारे लावत, ती केवळ चोरांच्या भीतीने नव्हे.

मग ताईने काय करावे? उपायांचीही तशीच तपासणी करू.

पहिला उपाय उजेड उलटवण्याचा. दाराबाहेर दिवा लावून तेथे १०० लक्स केले आणि आत १५ लक्सच ठेवले, तर फिल्म रात्रीही चालते: बाहेरच्याला ६० विरुद्ध ३, आतल्याला २० विरुद्ध ९. नऊ वॅटचा एलईडी दिवा रोज दहा तास लावला, तर महिन्याला २.७ युनिट वीज लागते. खर्च फारसा नाही. पण १५ लक्समध्ये मुलींनी भूमिती कशी काढायची? रात्री झोपण्याच्या वेळी हा उपाय ठीक, शिकवणीच्या वेळी निरुपयोगी.

दुसरा उपाय घासलेल्या काचेचा किंवा दुधी फिल्मचा. येथे तत्त्वच वेगळे आहे. प्रकाश अडवला जात नाही, खरखरीत पृष्ठभागामुळे तो विखुरला जातो. म्हणून दिवसाचा उजेड बराचसा मिळतो आणि दृश्य मात्र रात्रंदिवस पुसट राहते. यातही दोन मेख आहेत. काचेला अगदी टेकलेली वस्तू ओळखू येते. आणि माणूस दिवा व काच यांच्यामध्ये आला, तर त्याची सावली काचेवर स्पष्ट उमटते. सिंधुदुर्गातील पिंगुळीच्या ठाकर कलावंतांचा चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ याच तत्त्वावर चालतो. म्हणून खोलीचा मुख्य दिवा मागच्या भिंतीवर न ठेवता दाराकडच्या भिंतीवर घ्यावा. खरखरीत बाजूही आतल्या अंगाला हवी. ती बाहेर असली तर पावसाचे पाणी खाचांत भरते आणि काच तेवढ्यापुरती पुन्हा स्वच्छ होते! शिवाय दाराची काच कडक केलेली, म्हणजे टफन्ड असेल, तर ती नंतर कापता येत नाही की तिला भोके पाडता येत नाहीत. अशा ठिकाणी फिल्मच बरी.

तिसरा उपाय जाड कापडी पडद्याचा. सर्वांत स्वस्त, आणि दिवसा बाजूला सारता येतो. बाहेर कोण आहे हे पाहण्यासाठी दाराच्या लाकडी चौकटीत भिंगाचे 'मॅजिक आय' बसवावे. ताईने अखेर रुपेरी फिल्म खरवडून काढली, खालच्या दोनतृतीयांश काचेवर दुधी फिल्म लावली, वर आखूड पडदा टांगला आणि चौकटीत मॅजिक आय बसवले.

हा एका घराचा प्रश्न नाही. कर्वेनगर म्हणजे पूर्वीचे हिंगणे बुद्रुक. येथे १९०० साली अण्णासाहेब कर्वे यांच्या आश्रमाची झोपडी उभी राहिली. आज मुलींची अभियांत्रिकी व वास्तुकला महाविद्यालयेही याच परिसरात आहेत आणि बाहेरगावच्या कितीतरी मुली येथे खोल्या घेऊन राहतात. खोलीची काच रात्री कशी वागते हे त्यांना ठाऊक असणे गरजेचे आहे, आणि ते समजायला आठवीचे विज्ञान पुरते.

वर्गात हे करून पाहा. पुठ्ठ्याच्या खोक्याची एक बाजू काढून तेथे साधी काच बसवा. खोक्यात एक बाहुली ठेवा आणि वरून विजेरीसाठी भोक पाडा. खोली काळोखी करून विजेरी आधी आत, मग बाहेर धरा. बाहुली केव्हा दिसते आणि आपला चेहरा केव्हा, हे मुलांनी नोंदवावे. नंतर घासलेल्या काचेच्या खरखरीत बाजूवर पारदर्शक चिकटपट्टी दाबून लावा आणि तेवढ्याच भागातून पलीकडचे का दिसू लागले ते विचारा.

व्याख्येत दुरुस्तीही करावी. प्रकाशाचा मोठा भाग न विखुरता आरपार जाऊ देणारा पदार्थ पारदर्शक, एवढे पदार्थाविषयी पुरेसे आहे. 'दिसणे' त्यातून काढून वेगळा प्रश्न म्हणून विचारावे: काचेच्या कोणत्या बाजूला उजेड जास्त आहे? दुकानात फिल्म पाहायला गेलेल्या आपल्या विद्यार्थ्याने हा एक प्रश्न विचारला आणि नमुना रात्री लावून दाखवा असा आग्रह धरला, तर प्रकाशाचा धडा त्याला समजला असे म्हणता येईल.