उतरविलेला गिलावा

जुन्या गोव्याच्या बॉम जेझसवर लिहावयास बसले की लेखणी संत फ्रान्सिस झेवियर यांच्या अवशेषांपाशी येऊन थांबते. आम्हांला येथे त्या ख्रिस्तमंदिराच्या भिंतींविषयी लिहावयाचे आहे.

येशूसंघीयांनी १५९४ साली पाया घातला आणि १६०५ साली महागुरू आलेक्सो द मेनेझिस यांनी पवित्रीकरण केले. बांधकाम जांभ्या दगडाचे. दर्शनी भागाच्या कोरीव कामासाठी काळा दगड मात्र वसईहून नेलेला. (वसईकर वाचकांनी याचा अभिमान बाळगल्यास आमची हरकत नाही.) खाली तीन द्वारे, शिरोभागी येशूनामाची अक्षरे, आतील सोनेरी वेदीच्या थाटाचा बाहेर मागमूस नाही.

आज प्रवासी ज्या तांबूस भिंतींवर लुब्ध होतो, त्या बांधणाऱ्यांनी दाखविण्यासाठी घडविल्याच नव्हत्या. त्यांवर चुन्याचा गिलावा होता. वास्तू अधिक प्राचीन दिसावी म्हणून १९५०च्या दशकात बाल्ताझार कास्त्रो या पोर्तुगीज वास्तुविशारदाने तो काढविला. सेमिनरीत असताना आम्हीही त्या लालीचे भक्त होतो. समोरच्या पांढऱ्या से कॅथीड्रलपेक्षा ती अस्सल वाटे. तो आमच्या अभिरुचीचा दोष. पांढऱ्यावर वसईचा काळा दगड रेखल्यासारखा उठून दिसत असणार. आज तो तांबड्यात बुडून गेला आहे.

प्रश्न रुचीपुरताच असता तर आम्ही गप्प बसलो असतो. जांभा खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो, वाऱ्यावर कठीण होतो. पण त्याच्या अंगभर छिद्रे. उघड्या भिंतीवर चार महिने पाऊस कोसळतो, पाणी आत मुरते, छिद्रांतली माती धुपते आणि चिरा आतून पोकळ होतो. गिलाव्याने झिजावे, तो पुन्हा लावावा आणि दगड वाचावा, अशी ती जुनी व्यवस्था होती.

लाल रूपालाही आता सत्तर वर्षे झाली, १९८६ साली जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली तीही याच रूपाला, असा आक्षेप घेतला जातो. तो पोकळ नाही. दोन-तीन पिढ्यांनी हेच रूप पाहून गुडघे टेकले आहेत. परंतु २०२४-२५च्या प्रदर्शनात काचेच्या पेटीतील अवशेषांची आपण केवढी काळजी वाहिली! त्यांना आसरा देणारी भिंत मात्र उघडी. गिलावा पुन्हा चढवावा, असे आमचे मत आहे; तोही चुन्याचा, सिमेंटचा नव्हे, कारण सिमेंट आतली ओल आतच कोंडते. काही वर्षे ते मंदिर आपल्याला अनोळखी वाटेल.