नव्या साहेबाचे आठ आठवडे

नव्या टीममध्ये गेले तेव्हा पहिल्याच आठवड्यात जुना कोड बघून मी बोलून गेले, 'हे सगळं नव्याने लिहायला हवं.' त्यातला एक विचित्र दिसणारा तुकडा मी काढूनही टाकला. दुसऱ्या दिवशी एका जुन्या क्लायंटचं बिलिंग बंद पडलं. तो कोड सहा वर्षं सांभाळणाऱ्या सहकाऱ्याने काही न बोलता तुकडा परत जागेवर बसवला. त्याच शनिवारी 'दिऑर अँड आय' हा माहितीपट पाहिला. म्हणून असेल, मला तो फॅशनबद्दलचा वाटलाच नाही.

फ्रेडरिक चेंग दिग्दर्शित हा माहितीपट 2014 चा. गोष्ट 2012 ची. बेल्जियमचा डिझायनर राफ सिमन्स पॅरिसच्या दिऑरमध्ये मुख्य डिझायनर म्हणून येतो. त्याचं शिक्षण इंडस्ट्रियल डिझाइनचं, नाव झालं पुरुषांच्या कपड्यांमुळे. ओत कुतुर, म्हणजे एकेका गिऱ्हाइकाच्या मापाने बहुतेक हातानेच शिवलेले कपडे, त्याने कधी केलेले नाहीत. एरवी ज्या कामाला काही महिने मिळतात, त्यासाठी त्याच्या हातात आहेत जेमतेम आठ आठवडे. शिवाय फ्रेंचही बेताचंच.

वरच्या मजल्यावर पांढरे कोट घातलेली शिवणघरातली माणसं आहेत. काहीजणी कित्येक दशकं तिथेच काम करताहेत. गाऊनचा विभाग फ्लोरन्सकडे, कोट-जाकिटांचा मोनिककडे. डिझायनर येतात नि जातात, या तिथेच असतात. सिमन्स स्वतः स्केच काढत नाही. तो संदर्भांच्या फायली देतो, त्यावरून त्याची टीम चित्रं काढते आणि त्या चित्रांचे कपडे या बायका करतात. दोन्ही बाजूंना जोडतो तो सिमन्सचा उजवा हात, पिटर मुलिए. तो शिवणघरात जाऊन बसतो, हसतो, आभार मानतो. टीम आधी त्याची होते, मग साहेबाची.

सिमन्सला चित्रकार स्टर्लिंग रुबीची चित्रं कापडावर हवी असतात, तीही जुन्या पद्धतीने: आधी ताण्याच्या धाग्यांवर छपाई, मग विणकाम. आपल्या पटोळ्यातही रंग विणण्याआधीच धाग्याला लागतो, म्हणून नक्षीच्या कडा जराशा विरघळल्यासारख्या दिसतात. इथेही तोच परिणाम हवाय. हे अवघड आहे असं सांगितलं जातं, तो हट्ट सोडत नाही आणि कापड येतं. नवा माणूस काय आणू शकतो, ते इथे दिसतं. घराला जमू शकेल, पण घराने बऱ्याच दिवसांत मागितलेलं नाही असं काहीतरी.

माझ्या मते माहितीपटाचा खरा गाभा मात्र दुसऱ्या एका प्रसंगात आहे. सिमन्स कपडे बघायला येतो आणि फ्लोरन्स जागेवर नसते. ती एका गिऱ्हाइकाच्या फिटिंगसाठी न्यूयॉर्कला गेलीय. तो चिडतो. त्याला शो दिसतोय, कंपनीला गिऱ्हाईक, आणि फ्लोरन्स एकटी दोघांना पुरी पडतेय. चूक कुणाचीच नाही, पण उशिराची किंमत मात्र शिवणघर रात्री जागून भरतं. इथे चेंगने थांबायला हवं होतं. तो दोन मिनिटांत पुढे सरकतो.

त्याऐवजी तो वेळ देतो भुताला. ख्रिस्तियन दिऑरच्या 1956 च्या आत्मचरित्रातले उतारे निवेदनात येत राहतात, भिंतींवर जुनी चित्रफीत उमटते. सिमन्सने स्वतः ते पुस्तक थोडं वाचून बाजूला ठेवलं होतं, कारण साम्य अंगावर येत होतं. कल्पना सुंदर आहे, पण तिच्यामुळे गोष्ट दोन प्रतिभावंतांची होते, एक मेलेला आणि एक रडवेला. शीर्षकातला 'मी' पुन्हा साहेबाकडेच जातो.

शेवटी फुलांनी मढवलेल्या भिंती, शोआधी गच्चीवर रडणारा सिमन्स, मग टाळ्या. मीही रडले. पण 2015 मध्ये सिमन्सने दिऑर सोडलं. वर्षाला सहा कलेक्शनं करताना विचार करायला वेळच उरत नाही, ही त्याची तक्रार तेव्हा पुढे आली. हे माहीत असताना पाहिलं की आठ आठवड्यांची ती शर्यत पराक्रम वाटत नाही. ती पुढच्या थकव्याची सुरुवात वाटते, आणि तिची पहिली खूण फ्लोरन्सच्या रिकाम्या जागेत दिसलेली असते.

तरी पाहा. विशेषतः नवी नोकरी लागली असेल तर. सोमवारी मी सहकाऱ्याला तो तुकडा का लिहिला होता ते विचारलं. उत्तर द्यायला त्याने पाऊण तास घेतला.