नदीचित्र आणि दृक्‌प्रत्ययवाद : मोने ते आबालाल रहिमान

प्रस्तावना :

क्लोद मोने यांच्या 'इंप्रेशन, सनराइज' या चित्रामुळे दृक्‌प्रत्ययवाद ही संज्ञा रूढ झाली. हे चित्र १८७४ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात मांडले गेले. तथापि या दृष्टीची घडण त्याआधी, १८६९ च्या उन्हाळ्यात, सेन नदीच्या काठी झाली होती. प्रस्तुत लेखात मोने यांच्या 'ला ग्रनुयेर' या नदीचित्राचे विवेचन करून आबालाल रहिमान यांना दृक्‌प्रत्ययवादी म्हणणे कितपत सार्थ आहे, याचा विचार केला आहे.

चित्राचे विश्लेषण :

ला ग्रनुयेर हे पॅरिसजवळचे नौकाविहाराचे व स्नानाचे ठिकाण. मोने व रन्वार यांनी तेथे शेजारी बसून एकच दृश्य रंगविले. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातील मोने यांच्या चित्रात मध्यभागी एका झाडाचे चिमुकले बेट, उजवीकडे तरंगते उपाहारगृह आणि अग्रभागी होड्या आहेत. माणसे चार-दोन फटकाऱ्यांत उभी केली आहेत. त्यांना चेहरे नाहीत.

चित्राचा प्राण पाण्यात आहे. काळपट, हिरवट, निळसर व पांढरे असे रुंद आडवे फटकारे येथे एकमेकांशेजारी ठेवले आहेत. जवळून ते निव्वळ रंग भासतात आणि दुरून त्यांची लाट होते. धातूच्या नळीतील तयार रंग व चपटे कुंचले यांमुळे उघड्यावर असे वेगाने काम करणे शक्य झाले. रेखा आखेपर्यंत वाहते पाणी बदललेले असते. म्हणून वस्तू कशी आहे यापेक्षा ती या क्षणी कशी दिसते, हेच रंगविणे भाग पडते. नदी ही येथे केवळ विषय नाही, ती या चित्रपद्धतीचे कारण आहे. मोने स्वतः मात्र या चित्रांना कच्ची रेखाटनेच समजत होते.

मराठी संदर्भ :

मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेल्या आबालाल रहिमान (मृत्यू १९३१) यांना कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांचा आश्रय लाभला. पंचगंगा, रंकाळा व कोटितीर्थ या परिसराची निसर्गचित्रे त्यांनी रंगविली. प्रत्यक्ष स्थळी जाऊन बदलता प्रकाश टिपण्याची ओढ हे त्यांचे मोने यांच्याशी साम्य होय. परंतु मोने यांच्यासमोर सुटीसाठी रेल्वेने येणारा शहरी समाज होता, तर आबालाल यांच्यासमोर रोजच्या सहवासातले पाणी होते. मोने क्षण टिपतात, आबालाल प्रहर टिपतात. क्षणात चंचलता असते, प्रहरात स्थैर्य असते. हा भेद कौशल्यातील उणिवेचा नसून जीवनदृष्टीचा आहे.

निष्कर्ष :

आबालाल यांना दृक्‌प्रत्ययवादी म्हटल्याने त्यांच्या चित्रांकडे लक्ष वेधले जाते, हे खरे. तथापि तेवढ्यावर थांबल्यास आपला चित्रकार दुसऱ्या कुणाची प्रतिकृती ठरतो. पाठ्यपुस्तकातील लहानशा छापील प्रतिमेत तर फटकारेच हरवतात आणि विद्यार्थ्याच्या हाती फक्त संज्ञा उरते. म्हणून अध्यापनात आधी पाणी पाहावयास शिकविणे, मग चित्र दाखविणे व शेवटी वादाचे नाव सांगणे, हा क्रम अधिक उचित ठरेल. अंबाजोगाईच्या विद्यार्थ्याला त्यासाठी सेनपर्यंत जावे लागणार नाही. पावसाळ्यातील जयंती नदीही त्यास पुरेशी आहे.