भीमगीतांचा मंच: आवाज शाबूत, शब्द थकलेले

नामांकित रॉक बँड समोर उभं राहून ऐकायचा, तर बीडच्या पोरांना पुण्या-मुंबईची एसटी धरावी लागते. पण रॉकच्या रात्रीत जे घडतं, गाणाऱ्याने हाक द्यायची आणि अख्ख्या मैदानाने ती उचलायची, ते आमच्या जिल्ह्यात एप्रिल-मे महिन्यांत गावोगाव घडतं. भीमगीतांची गायन-पार्टी हाच इथला रॉक बँड, असं मी मनापासून मानतो. म्हणूनच तिची समीक्षा भक्तिभावाने न करता कलेच्या कसोटीवर झाली पाहिजे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची जयंती 14 एप्रिलची, पण कार्यक्रम पुढे महिना-दीड महिना चालतात. बीडमध्ये याला उसाचंही कारण आहे. उचल (आगाऊ मजुरी) घेऊन पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात गेलेल्या ऊसतोड टोळ्या कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, की मार्च-एप्रिलात परततात. सहा महिने कोपीत (झोपडीत) काढलेली माणसं गावात एकत्र येतात, वर्गणी जमते आणि पार्टीला सुपारी जाते. इतका भुकेला श्रोता शहरातल्या सभागृहाला सहसा मिळत नाही.

गेवराई तालुक्यातल्या एका गावातली अशी रात्र माझ्या कानात पक्की बसली आहे. ट्रॅक्टरच्या दोन ट्रॉल्या जोडून मंच केला होता. कीबोर्ड, ऑक्टोपॅड, ढोलकी आणि मागे तिघांचा कोरस. तिसऱ्या गाण्यात अंतरा संपवून मुखड्यावर यायच्या क्षणी गायकाने माइक खाली घेतला. पुढे बसलेल्या बायकांनी मुखडा उचलला, त्यांच्या मागून पोरांनी. कीबोर्ड थांबला, ऑक्टोपॅड थांबला; ढोलकीवाला एकटा, लय निम्मी करून त्या गर्दीला साथ देत राहिला. दोन आवर्तनं गर्दीच गात होती. मग गायक वरच्या सुरात शिरला आणि ढोलकी एकदम दुगणीत आली. हे कुठल्याही रेकॉर्डिंगमध्ये सापडत नाही, कारण त्या क्षणाची अर्धी मालकी श्रोत्यांची असते.

ही ताकद उसनी नाही. 1930च्या दशकात भीमराव कर्डकांचे आंबेडकरी जलसे गावोगाव फिरले. मोठेपणी अक्षरं शिकलेल्या वामनदादा कर्डकांनी (1922–2004) आयुष्यभर भटकून गाणी लिहिली आणि गायली. प्रल्हाद शिंदे यांचा गळा मुलगे आनंद-मिलिंद आणि पुढे नातू आदर्शपर्यंत पोचला. विठ्ठल उमपांनी 26 नोव्हेंबर 2010 रोजी नागपुरात कार्यक्रमाच्या मंचावरच प्राण सोडला. आणि हा वारसा बाहेरून बीडात आलेला नाही. माजलगावच्या भीमनगरातल्या बायकांनी बाबासाहेबांवर जात्यावरच्या ओव्या रचल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ यांच्या ओवीसंग्रहात त्या नोंदल्या गेल्या. त्याच माजलगाव तालुक्याचे शाहीर आत्माराम साळवे मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या लढ्यात गात मराठवाडाभर हिंडले. 1991 साली ते गेले. विद्यापीठाचा नामविस्तार झाला 14 जानेवारी 1994 ला. ज्या दिवसासाठी गळा झिजवला, तो त्यांना दिसला नाही.

आता आजचं. आवाजाची मला काळजी वाटत नाही. केज, धारूर, परळीकडे आजही असे गळे आहेत की माइक बंद पडला तरी कार्यक्रम थांबायचा नाही. काळजी शब्दांची आहे. वामनदादांचं गाणं श्रोत्याला प्रश्न विचारायचं, स्वतःच्या माणसांना जाब विचारायचं, भाकरीचा हिशेब मागायचं. आज नव्याने येणाऱ्या गाण्यांत कोट, पेन, वाघ आणि दरारा यांचीच फिरवाफिरव दिसते. बाबासाहेब इतके मोठे दाखवायचे की ऐकणाऱ्याने फक्त हात जोडावेत. त्यांनी सांगितलेलं काम करायचं आहे, हे त्या गाण्यात कुठे येतच नाही. ज्या श्रोत्यांच्या हातांवर उसाच्या पात्याचे ओरखडे आहेत, त्यांच्या उचलीवर, फडात बाळंत होणाऱ्या बाईवर, मुलांच्या सुटलेल्या शाळेवर या मंचावरून गाणं का येत नाही? चाली सिनेमाच्या घेतात हा माझा आक्षेप नाही. चाल ओळखीची असली की शब्द लगेच मनात बसतो, हे जुन्यांनाही ठाऊक होतं. पण चालीसोबत सिनेमाची तोंडपाठ भाषाही आत येते, तेव्हा कवी संपतो.

दुसरं नुकसान सामन्याचं. पुरुष गायक आणि गायिका यांचा जंगी सामना लागायचा, सवालाला जवाब जागीच बांधावा लागायचा. त्यात कवीची परीक्षा व्हायची. आता मंचावर जास्तीत जास्त चालतं ते चिठ्ठ्यांचं वाचन: अमक्याकडून शंभर, तमक्याकडून पाचशे. बक्षीस हा कलावंताचा हक्क आहे, तो मिळालाच पाहिजे. पण अंतरा अर्धवट सोडून नावं वाचली की गाण्याचा कणा मोडतो. दोन गाण्यांच्या मध्ये वाचावीत, एवढी शिस्त प्रत्येक पार्टीला परवडण्यासारखी आहे.

डीजेला शिव्या घालणं सोपं आहे. त्याच्या भिंतींनी बेंजो पार्ट्यांची कामं घटवली, छातीत धडकी भरवली, हे खरंच. पण जमैकाच्या गल्ल्यांतही 1950च्या दशकापासून स्पीकरच्या अशाच भिंती उभ्या राहत. तिथे यू-रॉयसारख्या डीजेंनी वाजत्या रेकॉर्डवर स्वतःचे शब्द रंगवले आणि नवी कला उभी राहिली. आमच्या डीजेच्या गाडीवर माइक आहे, पण तो फक्त घोषणांसाठी. तो एखाद्या लिहित्या पोरीच्या हातात द्यायला कुणाची हरकत असावी?

उमेद वाटावी असं मात्र पुष्कळ आहे. कडूबाई खरात यांनी एकतारीवर दाखवून दिलं की साध्या साथीवरही भीमगीत उभं राहतं. मुंबईत कबीर शाक्य यांच्या धम्मविंग्जने बुद्ध-आंबेडकरांचे विचार गिटार-ड्रम्सवर आणले. चेन्नईत दिग्दर्शक पा. रंजित यांच्या पुढाकारातून उभ्या राहिलेल्या कास्टलेस कलेक्टिव्ह या बँडने 2018 मध्ये वस्तीतली 'गाना' लोकगीतं, रॉक आणि रॅप एकत्र आणून आरक्षणापासून गटारकामापर्यंत थेट बोलणारी गाणी केली. त्यांच्याकडून वाद्यं घ्यायची गरज नाही, ऑक्टोपॅड आपल्याकडेही आहे. घ्यायची ती नवं लिहिण्याची हिंमत.

आणि जयंती समित्यांना एक विनंती. रात्री दहानंतर स्पीकर बंद, हा नियम 2000 सालापासून आहे. बारापर्यंतची सवलत वर्षातल्या मोजक्याच दिवसांना मिळते. तरी संध्याकाळ पुढाऱ्यांच्या सत्कारात जाते आणि सव्वानऊला माइक हाती आलेल्या गायकाला पाऊण तास उरतो. गाणं सातला सुरू करा. भाषणं नंतर ठेवा, ज्यांना ऐकायची ते थांबतील. आणि सुपारी देताना पार्टीला एक अट घाला: यंदा लिहिलेली, याच तालुक्यावरची दोन गाणी कार्यक्रमात हवीत. त्या कवीचं मानधन वेगळं द्या आणि त्याचं किंवा तिचं नाव गायकाइतक्याच मोठ्या अक्षरांत बॅनरवर छापा.