वस्तूची साक्ष

संग्रहालयात काय ठेवावे आणि काय नाकारावे, हा प्रश्न वरकरणी अधिकाऱ्यांचा वाटतो. परंतु आपल्या देवस्थानांस असाच प्रश्न चार शतकांपूर्वी पडला होता. १५६० च्या सुमारास कुशस्थळीचे मंगेशाचे लिंग भक्तांनी जुवारीपार प्रियोळास आणले. केळशीची शांतादुर्गा कवळ्यास आली. जे पूज्य ते उचलले गेले, बाकीचे मागे राहिले. संग्रहालयाचा मार्ग नेमका उलट असला पाहिजे. पूजेतली वस्तू देवळातच शोभते. जी वापरातून गेली, तिलाच संग्रहालयाच्या आश्रयाची गरज असते.

पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय एका रसिकाच्या नजरेतून वाढले. दिनकर केळकरांनी १९२० च्या सुमारास वस्तू जमविण्यास आरंभ केला. १९६२ साली त्या संग्रहास संग्रहालयाचे रूप आले आणि १९७५ साली तो शासनाच्या स्वाधीन झाला. वीस हजारांहून अधिक वस्तूंपैकी सुमारे अडीच हजारच मांडलेल्या असतात. अडकित्ता, दिवा, दौत अशा नित्याच्या वस्तूंतील कारागिरी तेथे पाहावी. मात्र जिच्यावर नक्षी नाही अशा वस्तूचा क्रम अशा निवडीत मागे लागतो.

ती उणीव बाणावलीच्या ‘गोवा चित्र’ने भरून काढली आहे. व्हिक्टर ह्यूगो गोम्स यांनी २००९ साली उघडलेल्या या संग्रहात नांगर, घाणा, मातीची भांडी यांना मानाचे स्थान आहे. येथे निवडीची कसोटी उपयोग ही आहे. कुळवाड्याच्या अवजारास जात वा धर्म विचारला जात नाही, हे आम्हांस विशेष मोलाचे वाटते.

तिसरे उदाहरण गोवा राज्य संग्रहालयाचे. १९९६ साली पणजीच्या पाटो भागातील इमारतीत ते नव्याने उघडले, तेव्हापासून इन्क्विझिशनचे म्हणून ओळखले जाणारे मेज हे त्याचे मोठे आकर्षण ठरले. १८१२ साली कायमची बंद झालेल्या त्या न्यायासनाची आठवण त्याच्याशी जोडलेली नसती, तर ते केवळ एक भव्य लाकडी मेज उरले असते. म्हणजेच वस्तूचे मोल तिच्या साक्षीत असते, आणि साक्षीदाराचे नावगाव ठाऊक नसेल तर ती साक्ष कोर्टात टिकत नाही.

हे आम्हांस उशिरा उमगले. आमच्या परिचयाच्या एका देवस्थानाच्या जीर्णोद्धारात जुनी पितळी समई मोडीत निघाली. तिच्या बुडाशी दात्याची अक्षरे कोरलेली होती. ती कोणी उतरून घेतली नाहीत. वजनावर विक्री करण्याच्या ठरावाचा मसुदा आम्हीच लिहिला होता. मसुद्यात किलोचा भाव होता, दात्याचे नाव नव्हते.

१९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांहून जुनी अशी कलाकुसरीची वस्तू पुराणवस्तू ठरते. १९२५ साली प्रिव्ही कौन्सिलने प्रमथनाथ मल्लिक खटल्यात देवमूर्तीस विधिमान्य व्यक्ती मानून तिच्या इच्छेचा विचार व्हावा असे म्हटले. देवाची समई विकणाऱ्या समितीने एवढे तरी ध्यानी ठेवावे. परंतु कायदा भंगारवाल्याच्या दारापर्यंत क्वचितच पोहोचतो. तेथवर महाजनांची वही मात्र पोहोचू शकते.

म्हणून आमची सूचना साधी आहे. कोणतीही जुनी वस्तू हलविण्यापूर्वी ती कोणी दिली, कोणत्या सेवेसाठी दिली आणि केव्हा वापरातून गेली, हे लिहून ठेवावे, छायाचित्र जोडावे. मगच ती संग्रहालयास द्यावयाची की देवळातच ठेवावयाची, हे महाजनसभेने ठरवावे. संग्रहालयांनीही दहा लखलखीत समयांपेक्षा जिचा दाता ठाऊक आहे अशी एक काळवंडलेली समई पसंत करावी. कुशस्थळीहून निघताना मागे काय राहिले, याची यादी आज आपणांपाशी नाही. त्यांना सवड नव्हती, आपल्याला आहे.